केसोबा अस्वल आणि कूलरच्या बुडाचं प्लास्टिक

एका जंगलात वीज होती. ती कुठून आली हे विचारू नका, मुलांनो. असली तर असायची, नसली तर नसायची, म्हणजे इतर ठिकाणांसारखीच.

त्या जंगलात केसोबा नावाचं एक अस्वल राहायचं. गुहा स्वतःची, मध घरचा, स्वभाव गरीब. सांगण्यासारखी त्याची एकच गोष्ट होती. नव्या वस्तूवरचं प्लास्टिक तो काढत नसे.

तशी ती सगळ्या जंगलाचीच रीत होती, पण केसोबा ती मनापासून पाळायचा. खुर्चीवर प्लास्टिक होतं, त्यामुळे तो तिच्यावरून घसरायचा. घड्याळावरचं प्लास्टिक इतकं पिवळं पडलं होतं की किती वाजले हे बाहेर येऊन उन्हावरून बघावं लागायचं. छत्री तर त्याने पिशवीतून काढलीच नव्हती. पावसात तो ती काखेत धरून भिजायचा. "प्लास्टिक निघालं की वस्तू जुनी झाली," असं त्याची आई सांगून गेली होती. घड्याळ आईच्याच वेळचं होतं. अजून नवं होतं.

केसोबाला एक मित्र होता, धाकोजी साळिंदर. लहानपणी दोघं मिळून मध काढायला जायचे. केसोबा झाडावर चढायचा आणि धाकोजी बुंध्याशी पहारा करायचा. कुणाची चाहूल लागली की तो अंगावरचे काटे खुळखुळवायचा आणि केसोबा सरसर खाली उतरायचा. पुढे धाकोजीचं लग्न झालं आणि तो तीन टेकड्यांपलीकडच्या जंगलात घरजावई म्हणून राहायला गेला. त्याला दोन वर्षं झाली. "एकदा येतोच," असे निरोप दोघंही एकमेकांना पाठवायचे. निरोप अगदी वेळेवर पोचायचे.

एक दिवस धाकोजीचा वेगळाच निरोप आला. "मी जुन्या सामानातून एक कॉम्प्युटर जोडलाय. त्यात किल्ल्याचा खेळ आहे. दोघांनी मिळून किल्ला राखायचा. राक्षसांची फौज येते. तूही एक जोड. रोज तिन्हीसांजेला भेटू."

केसोबाला इतका आनंद झाला की तो खुर्चीवर बसायला गेला आणि पलीकडून खाली उतरला.

कॉम्प्युटर जोडायचा म्हणजे आधी वडाखाली जाऊन विचारायचं, असा त्या जंगलाचा शिरस्ता होता. वडावर वानरांचं मंडळ बसायचं. त्यांच्यापैकी कुणाकडेही कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती असायचं. मंडळाचे अध्यक्ष हुप्पेसर. सल्ला फुकट द्यायचे. वडाच्या बुंध्याशी त्यांच्या मेहुण्याचं सुट्या भागांचं दुकान होतं. हा निव्वळ योगायोग होता.

"सर, मला मित्राबरोबर किल्ल्याचा खेळ खेळायचाय," केसोबा म्हणाला. "कुठले भाग घेऊ?"

"मित्र बाजूला ठेवा," हुप्पेसर म्हणाले. "प्रोसेसर कुठला घेताय ते सांगा."

मग वडावर चर्चा सुरू झाली. अर्धी वानरं म्हणाली, आधी प्रोसेसर निवडावा. अर्धी म्हणाली, आधी ग्राफिक्स कार्ड. एक म्हातारं वानर म्हणालं, काहीच घेऊ नये, पुढच्या मोसमात नवीन येणार आहे. ते गेले सात मोसम हेच म्हणत होतं. नंतर प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायची थर्मल पेस्ट मुगाएवढी घ्यावी की हरभऱ्याएवढी, यावरून दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं. शेवटी मतदान झालं आणि वाटाणा निवडून आला.

दिवाळी उलटून गेल्यावर केसोबा सामान घेऊन गुहेत आला. त्याने एकेक भाग मायेने बसवला. कॅबिनेटच्या काचेवर प्लास्टिक होतं, ते राहू दिलं. सगळ्यात शेवटी प्रोसेसरवर बसवायचा कूलर निघाला. त्याच्या चकचकीत तांब्याच्या बुडावर एक पातळ पापुद्रा होता आणि त्यावर लाल अक्षरांत छापलं होतं : बसवण्यापूर्वी हे काढा.

केसोबाने ते दोनदा वाचलं. असं सगळ्याच वस्तूंवर लिहिलेलं असतं. कंपनीवाल्यांना ते लिहावंच लागतं. त्याने प्रोसेसरवर वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली आणि वर पापुद्र्यासकट कूलर बसवला.

तिन्हीसांजेला दोघं किल्ल्याच्या दरवाजात भेटले.

"केसू, तूच ना रे?" पडद्यातून धाकोजीचा आवाज आला.

"मीच," केसोबा म्हणाला. दोन वर्षांनी तो आवाज ऐकून तो पडद्याला नाक लावून बसला होता.

"मी मागं थांबतो. कुणी आलं की सांगतो. तू पुढं हो."

पूर्वीचीच रीत. केसोबा पुढे झाला. राक्षसांची फौज दिसू लागली. कॅबिनेटवर प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा दिसायचा. तो सत्तर झाला, नव्वद झाला, सातव्या मिनिटाला शंभर झाला आणि कॉम्प्युटर गपकन बंद पडला. किल्ल्याच्या दरवाजात धाकोजी एकटाच राहिला. समोर चारशे राक्षस होते.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही तेच.

केसोबा वडाखाली गेला. हुप्पेसरांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले.

"हवा कमी पडतेय," ते म्हणाले. "पंखे वाढवा."

"किती?"

"बसतील तेवढे. निळ्या दिव्याचे घ्या. निळा रंग गार असतो."

केसोबाने नऊ पंखे बसवले. गुहेत असा घोंघाट सुरू झाला की धाकोजीचं बोलणं ऐकू येईना. सातव्या मिनिटाला कॉम्प्युटर बंद पडला. पंखे फिरत होते तोवर दिसायला मात्र सुरेख दिसत होते.

मग हुप्पेसरांनी पाण्याचा कूलर सुचवला. त्यात पाण्याची एक टाकी असते, नळ्या असतात, आणि प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा बसतो. पाणी प्रोसेसरची उष्णता वाहून नेतं. मेहुण्याकडे तो कूलर नेमका होता. त्याच्या ठोकळ्याच्या बुडावरही तसाच लाल अक्षरांचा पापुद्रा होता. केसोबाने तो जसाच्या तसा ठेवला. इतकी भारी वस्तू उगीच जुनी कशाला करायची?

सातव्या मिनिटाला कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. एवढंच झालं, की टाकीत एक बेडूक राहायला आला.

"पाणी फार छान आहे," बेडूक म्हणाला. "अगदी झऱ्यासारखं गार."

केसोबाने हे हुप्पेसरांना सांगितलं. ते खूश झाले. "बघा, पाणी गार आहे म्हणजे कूलर उत्तम चाललाय. दोष कूलरचा नाही."

"मग कुणाचा, सर?"

हुप्पेसरांनी केसोबाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. वडावरची सगळी वानरंही न्याहाळू लागली.

"तुमच्या अंगावर केस फार आहेत," हुप्पेसर म्हणाले. "ते पंख्यांत जातात. एअरफ्लो अडतो."

तेव्हा मार्गशीर्ष लागला होता, मुलांनो. पहाटे दवाने गवत पांढरं पडायचं. अशा थंडीत केसोबाने अंगावरचे सगळे केस काढून टाकले. नाकापासून टाचेपर्यंत. आईने पाहिलं असतं तर ती रडली असती. केसोबाला स्वतःलाही रडू आलं, पण किल्ल्याच्या दरवाजात उभा राहिलेला धाकोजी त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. धाकोजीने एकदाही तक्रार केली नव्हती. रोज मार खायचा आणि रोज येऊन उभा राहायचा. केसोबाला त्याचंच जास्त लागायचं.

कधी कधी केसोबाच्या मनात यायचं की सरळ उठावं आणि चालत धाकोजीकडे जावं. पण मग इकडे कॉम्प्युटर कोण दुरुस्त करणार?

केस काढल्यावरही तो सातव्या मिनिटालाच बंद पडला.

आणि दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला दरवाजात धाकोजी नव्हता. त्याच्या पुढच्या दिवशीही नव्हता. केसोबा एकटाच उभा राहिला, आणि समोर चारशे राक्षस आल्यावर कसं वाटतं ते त्याला कळलं. सात मिनिटं फार लांबली. "कंटाळला बिचारा," तो स्वतःशी म्हणाला. "कुणीही कंटाळेल." त्या दिवशी तो जेवला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी गुहेबाहेर काटे खुळखुळले.

केसोबा धावत बाहेर आला. दारात धाकोजी उभा होता. पाय धुळीने भरलेले, दोन काटे मोडलेले. त्याने केसोबाकडे बघितलं आणि तो एक पाऊल मागे सरला.

"केसोबा अस्वल इथंच राहतात ना?" त्याने विचारलं.

"धाक्या, अरे, मीच."

धाकोजी त्याच्याभोवती एक चक्कर मारून आला. मग म्हणाला, "आजारी आहेस?"

"नाही. एअरफ्लो."

"रोज मधेच गप होतोस. रोज. मला वाटलं, तुझ्या जिवाला काहीतरी झालंय आणि तू सांगत नाहीस. शेवटी निघालो. बायको म्हणाली, निरोप पाठवा. म्हटलं, निरोप दोन वर्षं पाठवतोय."

केसोबाने त्याला आत नेलं, मध दिला, पाय धुवायला पाणी दिलं. मग धाकोजीने कॉम्प्युटर बघायला मागितला. नऊ पंखे बघितले. टाकीतल्या बेडकाला रामराम केला. पाण्यात नखाचं टोक बुडवलं.

"प्रोसेसर शंभरावर आणि पाणी गार? मग उष्णता पाण्यात येतच नाही," तो म्हणाला आणि ठोकळ्याचे स्क्रू काढायला लागला. ठोकळा उलटा केल्यावर त्याला पेस्ट माखलेला पापुद्रा दिसला.

"हे काय?"

"प्लास्टिक."

"ते दिसतंय. का ठेवलंस?"

"नवीन आहे," केसोबा म्हणाला.

धाकोजीने मित्राच्या उघड्याबोडक्या अंगाकडे बघितलं. थंडीने ते निळं पडलं होतं.  नखाच्या टोकाने त्याने पापुद्र्याचा कोपरा उचलला. केसोबाने डोळे मिटून घेतले. चर्र असा बारीक आवाज झाला.

"फेकू नको," केसोबा म्हणाला. "दे इकडे." त्याने तो पापुद्रा पुसला आणि आईच्या वेळच्या एका डबीत ठेवून दिला.

धाकोजीने थोडी पेस्ट लावून ठोकळा परत बसवला आणि खेळ सुरू केला. आकडा पन्नासच्या पुढे जाईना. आठवं मिनिट आलं आणि गेलं. केसोबाचा जीव भांड्यात पडला.

"पाणी कोमट झालं," बेडूक म्हणाला आणि बिऱ्हाड उचलून निघून गेला.

धाकोजी चार दिवस राहिला. कॉम्प्युटर एकच, त्यामुळे खेळता एकालाच यायचं, म्हणून खेळ तसाच चालू ठेवून दोघं बाहेर पडायचे. जुन्या झाडाशी गेले. केसोबा चढला. अंगावर केस नसल्याने माश्या जास्त चावल्या. धाकोजीने बुंध्याशी पहारा केला. येणारं कुणीच नव्हतं, तरी मधूनमधून तो उगीचच काटे खुळखुळवायचा आणि केसोबा उगीचच सरसर खाली उतरायचा. दोघं पोट धरून हसायचे. तिकडे गुहेत आकडा पन्नासवर होता. तो बघायला कुणी नव्हतं.

पाचव्या दिवशी धाकोजी निघाला. "आता काय, रोज भेटायचंच," तो म्हणाला.

आणि खरोखरच दोघं रोज भेटू लागले. किल्ला सुरक्षित राहिला. वडावर हुप्पेसरांचा सत्कार झाला. कॉम्प्युटर केस काढल्यामुळेच सुधारला, असं मंडळाने एकमताने ठरवलं, आणि त्या थंडीत जंगलातल्या निम्म्या जनावरांनी अंगावरचे केस काढले. त्यांच्यापैकी बहुतेकांकडे कॉम्प्युटर नव्हता. पण पुढेमागे घेतलाच तर तयारी असावी.

खेळ इतका सुरळीत चालायचा की पंख्यांच्या घोंघाटात ओरडून बोलायची फारशी गरज पडत नसे.

"डावीकडं बघ."

"बघतोय."

"झालं. उद्या?"

"उद्या."

फाल्गुनात केसोबाचे केस पुन्हा वाढले. एका संध्याकाळी त्याने विचारलं, "कधी येतोस रे?"

"आता कशाला?" धाकोजी म्हणाला. "रोज तर भेटतो."

ते खरंच होतं. 

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने आईची डबी उघडली. पापुद्रा बाहेर काढून उजेडात धरला. लाल अक्षरं अजून स्पष्ट होती. त्याने ठोकळ्याचे चारही स्क्रू काढले, बूड स्वच्छ पुसलं आणि पापुद्रा नीट चिकटवून ठोकळा परत बसवला. एकही सुरकुती पडू दिली नाही.

त्या संध्याकाळी सातव्या मिनिटाला कॉम्प्युटर बंद पडला. चारशे राक्षसांसमोर धाकोजी एकटा राहिला असेल, या विचाराने केसोबाला वाईट वाटलं. थोडंसं. मग त्याने नऊही पंख्यांच्या वायरी उपसून काढल्या, कारण उद्या कॉम्प्युटर लावल्यावर त्या घोंघाटात बाहेरचं काही ऐकू आलं नसतं.

थोड्या वेळाने टाकीत डुबुक असा आवाज आला.

"गार झालं वाटतं पाणी," बेडूक म्हणाला.

"हो," केसोबा म्हणाला. मधाचं मडकं घेऊन तो गुहेच्या तोंडाशी जाऊन बसला आणि त्याने टेकड्यांच्या बाजूला कान लावला.

तात्पर्य : नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढावं, पण फेकून देऊ नये. मित्र लांब राहत असेल तर ते पुन्हा लागतं.