बाबलभाऊंचा वजनकाटा

बाबलभाऊ गल्लीत शिरले की आमच्या कारापुरात लोक मोबाईल उशीखाली सारतात. भाऊ चोर नव्हेत. पण त्यांच्या हाती कुठलंही यंत्र लागलं की ते त्यात आपला जुना संगणक घालतात, ही भीती.

भाऊ मूळचे दोडामार्गकडचे. खाणीच्या वजनकाट्यावर कारकून होते. आत जाणारी रिकामी गाडी तोलायची, बाहेर पडणारी भरलेली तोलायची आणि दोन्ही वजनं संगणकात टाकायची. खाण बंद पडली, संगणक भंगारात निघाला. भाऊंनी त्यातलं सगळंच्या सगळं उतरवून घेतलं: जुनं विंडोज, निळा पडदा, वजनाचा प्रोग्राम. तेव्हापासून मिळेल त्या यंत्राच्या पोटात ते हा संगणक बसवत फिरतात. पुतणीच्या शाळेच्या टॅबमध्ये बसवला. पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, बिलाच्या मशीनमध्ये बसवला, आणि दोन दिवस ते मशीन पाव घेणाऱ्यांना गाडीचा नंबर विचारत होतं. पदेर रडकुंडीला आला.

"ह्येच्यात बसतला!" हे भाऊंचं पालुपद. आमच्या कपडे धुण्याच्या मशीनकडे ते असे काही पाहतात की आमची ही त्यावर चादर टाकते.

पण आमच्यापेक्षा तेच जास्त घाबरलेले. आभाळ गडगडलं की प्लग ओढणार, मुंगी दिसली की टॅब फडक्यात गुंडाळणार. यंत्राने 'अपडेट करू का' विचारलं की त्यांना घाम फुटतो. "आणि ह्यो संगणक मेलो तर? मगे काटो संपलो!" म्हणतात. बंद खाणीच्या काट्यासाठी एवढा जीव का टाकायचा, हे मी कधी विचारलं नाही. डोकं फिरलंय, असं धरून चाललो होतो.

शेवटी त्यांची नजर आमच्या टीव्हीच्या डबीवर पडली. "मास्तर, ही डबी नुसती शिरियल दाखयता?" मी भिडस्त माणूस. तीन तास टक्के सरकत होते आणि भाऊ चहाला हात न लावता समोर बसून होते. काटा बसला, मालिका गेल्या. महिनाभर हिची बोलणी खाल्ल्यावर मी कबूल झालो, रविवारी सगळं पुसून टाकायचं.

शनिवारी दुपारी भाऊंच्या दारातल्या खांबावर वीज पडली. घरातली सगळी यंत्रं जळली, पुतणीचा टॅबसुद्धा. पदेराने आपलं मशीन आधीच साफ केलं होतं. भाऊ भिजलेले, अनवाणी, आमच्या दारात.

"मास्तर, तुमची डबी जिती असा?"

मी टीव्ही लावला. पडदा काळाच. हिने माझ्याआधीच पुसलं तर नसेल? तेव्हा मला खरोखर भीती वाटली. भाऊ भिंतीला धरून उभे होते.

निळा पडदा आला. मग इंग्रजीत एक प्रश्न: आत एक गाडी आहे. बाहेर गेली? खाली होय आणि नाही.

"कोणाची गाडी, भाऊ?"

"आमच्या गावच्या सुरेशची." ते पडद्याकडेच बघत होते. "रिकामी गाडी तोललंय, तो आत गेलो. 'भाऊ, माझी चाय सांगून ठेव' म्हणालो. मगे वयली माती खाली इली."

म्हणजे दरड कोसळली, आणि सुरेश गाडीसकट आतच राहिला.

"सायबान सांगल्यान, नोंद बंद कर. बंद करूक भरलेल्या गाडीचा वजन घालूक व्हया. मी खंयचा घालू? मशीन रोज इचारता, मी रोज नाय म्हणतंय. हय ह्या मशीनात तरी तो अजून आत असा."

त्यांनी रिमोट घेतला, 'नाही' दाबलं आणि चेहरा पुसला.

ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं, चौकट आपणहून 'होय'वर थांबलेली असते. घरात कुणाचंही बोट चुकून पडलं आणि वजन म्हणून एखादा आकडा दाबला गेला की संपलं. मी रिमोटमधले सेल काढून घेतले. आता भाऊ रोज सकाळी आठला येतात तेव्हाच ते घालतो, आणि त्यांचं बोट 'नाही'वर पडेपर्यंत माझाही जीव थाऱ्यावर नसतो.