हुकावरचं परमपूज्य

पाट्या रंगवण्यात आपला हात धरणारा गावात कोणी नाही, असं पाटीवाले छातीठोकपणे सांगत. त्यामुळे बायकोला जाऊन वर्ष झालं, तेव्हा ठेवलेल्या सभेत टेबलावर ठेवायच्या नावाच्या पाट्याही त्यांनीच रंगवल्या. इच्छा एकच. ज्यांची प्रवचनं ती तीस वर्षं ऐकत आली, त्या वृद्ध स्वामींनी तिच्याबद्दल चार शब्द बोलावेत.

पण स्वामींनी गेल्याच महिन्यात मठाची गादी सोडलेली. नव्या स्वामींना वगळून त्यांना बोलावणं बरं दिसेना. मग दोघांना आमंत्रण गेलं आणि पाट्यांवर दोघांच्याही नावाआधी ठसठशीत ‘परमपूज्य’!

सभेच्या तासभर आधी मठाचे चिटणीस आले, ते पाट्या बघून किंचाळलेच.

“दोन-दोन परमपूज्य? अहो, तो मान गादीचा, माणसाचा नव्हे! गादी सोडली की नुसतं पूज्य!”

वृद्ध स्वामींचा शिष्य उसळला. “काल परम आणि आज नुसते? गुरुजी काय शिळे झाले? परम नसेल तर ते गाडीतून उतरणार नाहीत!”

“आणि दोन परम असतील तर आमचे स्वामी आत पाऊल टाकणार नाहीत!”

दोघांनीही घरदार सोडलं होतं, पैसा सोडला होता. एवढा एक शब्द तेवढा सुटत नव्हता.

“भावोजी, आता हो?” मेहुणी रडवेली झाली.

“आता कारागिरी!”

पाटीवाल्यांनी दोन्हीकडचं ‘परमपूज्य’ पुसलं, एका वेगळ्या पातळ फळीवर रंगवलं आणि तिला हुक ठोकले. जे बोलतील त्यांच्या नावाला फळी लावायची. बोलणं संपलं की काढायची. दोन्ही पक्ष कबूल! पाटीवाल्यांची छाती दोन इंच फुगली.

वृद्ध स्वामी बोलायला उठले. फळी त्यांच्यापुढे लागली. बोलणं थांबवलंच नाही तर फळी जाणारच नाही, हे स्वामींनी पाटीवाल्यांच्या आधी ओळखलं होतं. अर्धा तास झाला, तास झाला, दीड तास झाला. विषय होता वैराग्य! गेलेल्या बाईंचं नावही निघेना.

“फळी काढा!” चिटणीस कुजबुजले.

“अहो, बोलतायत अजून.”

“श्वास घेतील तेव्हा काढा!”

पाटीवाल्यांनी हात पुढे केला. स्वामींनी एका हाताने फळी दाबून धरली आणि वैराग्याचं सातवं लक्षण सुरू केलं. आता नव्या स्वामींचाही धीर सुटला. त्यांनी पलीकडून फळी ओढली.

काडकन आवाज झाला. ‘परम’ एकाच्या हातात, ‘पूज्य’ दुसऱ्याच्या! आपापला तुकडा घेऊन दोघेही तरातरा निघून गेले. मागोमाग शिष्य, चिटणीस आणि अर्धी सभा.

“हॉलची वेळ संपली,” चौकीदार म्हणाला. “दोन मिनिटांत आटपा.”

“भावोजी, ताईबद्दल कोणीच बोललं नाही हो. तुम्ही तरी बोला.”

पाटीवाले उभे राहिले. घसा खाकरला.

“माझी प्रत्येक पाटी ती वाचून बघायची. मगच पाटी दुकानाबाहेर जायची. आता मी तशीच नेतो.”

आणि खाली बसले.

“एवढंच?” मेहुणीने डोळे पुसत विचारलं.

पाटीवाले ओशाळले. “ती असती तर म्हणाली असती, आज फारच बोललात.”