बॉडी बदलू का ऱ्हाऊ देऊ?

आधी माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय युनूसभाईंबद्दल लिहिण्याचा मला अधिकार नाही. सात वर्षं त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, की कॅमेरा बदलू का? सात वर्षं मी सांगितलं, नका बदलू, आहे तो उत्तम आहे. आणि माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना न सांगता सुरतेचे फोटोग्राफर ठरवले. कारण काय, तर युनूसभाईंचा कॅमेरा जुना होता.

शहाद्याच्या बाजारपेठेत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, त्यांचा स्टुडिओ आहे. आत एक पडदा आहे, त्यावर तळं, हंस आणि बर्फाचे डोंगर. रंग उडून हंस आता बदकासारखे दिसतात. पडद्यापुढच्या स्टुलावर निम्म्या शहाद्याने पासपोर्ट फोटो काढून घेतले आहेत. युनूसभाई समोर उभे राहून हनुवटी दोन बोटांनी वर करतात, कान दिसतात का बघतात आणि बजावतात, "हसू नका. हसेल मानूस सरकारले वळखू येस नही."

माझ्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले. तेव्हा रोल होता. छत्तीस फोटोंत हळदीपासून नवरीला वाटे लावण्यापर्यंत सगळं बसवायचं म्हणून फोटोग्राफर डोळ्यांत तेल घालून उभा असे. आमच्या अल्बममध्ये पातळ दुधी कागदाखाली एक फोटो आहे, त्यात मी माळ घालतोय आणि माझे डोळे मिटलेले आहेत. पंचवीस वर्षांत मी तो विषय दहादा काढला असेल. युनूसभाईंचं उत्तर ठरलेलं असे, "सर, डोया तुम्हना व्हतात. मन्हा उघडाच व्हतात."

रोल गेले, डिजिटल आलं, पण त्यांची सवय गेली नाही. बाकीचे फोटोग्राफर एका हाराचे चाळीस फोटो काढत आणि मग चांगला निवडत. युनूसभाई आधी निवडत आणि मग काढत. "एकच," असं म्हणून बटण दाबत. त्यात बॉडी घेताना कुठल्याशा कागदावर त्यांनी वाचलं होतं, की हा कॅमेरा साधारण दीड लाख क्लिक चालेल. (लेन्स काढल्यावर मागे जो काळा ठोकळा उरतो, त्याला ते लोक बॉडी म्हणतात.) ते वाक्य त्यांच्या मनात जाऊन बसलं.

"सर, मानूसना श्वास मोजेल ऱ्हातस ना? तसा हाईना क्लिक बी मोजेल शेत."

तेव्हापासून ते क्लिक जपून वापरू लागले. लग्नात नवरदेवाचे मित्र पोज देऊन उभे राहत आणि हे खाली बघून लेन्स पुसत बसत. कुणी फारच मागे लागलं तर दम देत, "एकच भेटी. डोया उघडा ठेवा, दुसरा क्लिक भेटाव नही." लोक इतके घाबरून डोळे ताणत, की त्या काळातले शहाद्यातले सगळे वऱ्हाडी फोटोत दचकल्यासारखे दिसतात.

आणि मग तो प्रश्न सुरू झाला. "बॉडी बदलू का ऱ्हाऊ देऊ?"

ते कुणालाही विचारत. एसटीच्या कंडक्टरला विचारलं, तो म्हणाला, आधी पुढे सरका. तापीकाठच्या प्रकाशा गावी एका पूजेचे फोटो काढायला गेले, तिथे पुजारीबुवांना विचारलं. बुवांनी पंचांग उघडलं, त्यात कॅमेऱ्याचं काही नव्हतं, म्हणून वाहनखरेदीचा मुहूर्त काढून दिला. नवापूरचे एक कोंबड्यांचे व्यापारी पासपोर्ट फोटोसाठी आले होते. ते म्हणाले, "भाई, मुर्गी अंडा देना बंद करे, तो हम बदल देते हैं." युनूसभाई तीन दिवस तणतणत होते. "मन्ही कोंबडी अजून अंडा दी ऱ्हायनी म्हना त्याले!"

पण ही सगळी मतं गोळा करून शेवटी ते माझ्याकडे येत. मी लोणखेड्याला कॉलेजात ग्रंथपाल आहे. संध्याकाळी मी घरी पोचलो, की पाठोपाठ ते येऊन ओट्यावर बसत. "सर, तुम्ही वाचेल मानूस. तुम्ही सांगा." मग ते नव्या बॉडीचे गुण सांगत, जुनीचे सांगत. अंधारात जुनीचे फोटो रवाळ येतात, नवीचे स्वच्छ येतात. पण नवी जड नाही, हातात असल्यासारखी वाटत नाही. मी चहाचा कप खाली ठेवून पुस्तकी मराठीत निकाल देई, "युनूसभाई, यंत्रापेक्षा नजर महत्त्वाची. राहू द्या." ते मान हलवत, समाधानाने उठत. दोन दिवसांनी पुन्हा हजर.

एकदा आम्ही मिळून सुरतेला गेलो. दुकानदाराने नवी बॉडी त्यांच्या हातात दिली आणि काय सांगू, त्या माणसाचा बांधच फुटला. जन्मभर एकेक क्लिक जपणाऱ्या युनूसभाईंनी त्या दुकानात पंखा काढला, कॅलेंडर काढलं, दुकानदाराचे दोन्ही कान काढले, रस्त्यावरची म्हैस काढली, मला सोळा वेळा काढलं. क्लिक दुकानाचे होते ना! शेवटी दुकानदाराने हात पुढे केला, तेव्हा त्यांनी कॅमेरा परत दिला आणि म्हणाले, "सोच के बताता हूँ."

परतताना गाडीत ते स्वतःच्या बॅगेकडे बघतही नव्हते. नवापूर गेल्यावर त्यांनी हळूच चेन उघडली, जुना कॅमेरा मांडीवर घेतला, रुमालाने पुसला आणि त्याला म्हणाले, "फक्त दखाले गयथू." मग माझ्याकडे वळून, "सर, मंग? बदलू का?"

मी म्हणालो, "नको."

हे "नको" मी का म्हणत होतो, ते आता लिहायलाच हवं. मला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नाही. ग्रंथपालाला लोक पुस्तकाची जागा विचारतात, मत विचारत नाहीत. माझं मत ऐकायला रोज ओट्यावर येणारा गावात एकच माणूस होता. त्याने बॉडी घेतली असती, तर प्रश्न संपला असता. मला प्रश्न संपायला नको होता.

गावात नवी मुलं आली, नवे कॅमेरे आले, ड्रोन आले. युनूसभाईंकडची लग्नं कमी झाली. त्यातही मुलीसाठी आम्ही स्थळं बघत होतो त्या दीड वर्षात आलेलं काम ते स्वतःच परत पाठवू लागले. पासपोर्ट फोटो एका छोट्या, खेळण्यासारख्या कॅमेऱ्यावर काढत. लग्नाला नाही म्हणत. मी विचारलं तर म्हणत, "नही सर, आते क्लिक थोडा शेत." मला वाटलं, हात थकला. खरं सांगायचं तर मी मनात हसलोही.

मग आमच्या मयुरीचं लग्न ठरलं. मुलाकडची मंडळी मोठ्या शहरातली. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "फोटोचं काय? ड्रोन असेल ना?" मी म्हणालो, "हो हो, सुरतेचे आहेत." त्या क्षणापर्यंत सुरतेचं कुणी नव्हतं. घरी येऊन मी फोन लावले.

बायको म्हणाली, "नि युनूसभाई?"

"त्यांचा कॅमेरा फार जुना आहे गं."

"मंग सात वरीस त्यास्ले नको नको कोन सांगी ऱ्हायंता? मी?"

लग्नाची पत्रिका द्यायला मी शुक्रवारी दुपारी गेलो, नमाजाच्या वेळी, म्हणजे ते घरी नसणार. त्यांच्या बायकोच्या, शबानाभाभींच्या, हातात पत्रिका दिली, दोघांनी नक्की या म्हणालो आणि पाय काढता घेतला. फोटोंबद्दल मी काही बोललो नाही. आमच्या घरचे फोटो युनूसभाई काढणार, ही काय बोलायची गोष्ट होती? त्यांनीही विचारलं नाही ते म्हणूनच.

हळदीच्या सकाळी सगळ्यांच्या आधी ते आले. इस्त्रीचा सफारी, पायात नवे बूट, खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग. मांडवात काळे टीशर्ट घातलेले तीन तरुण दिवे लावत होते. युनूसभाई उभे राहिले. त्यांनी त्या तिघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मांडवाच्या दोऱ्या बघू लागलो. त्यांनी बॅग पुढून काढून पाठीमागे सरकवली आणि जवळ येऊन म्हणाले, "वा सर! बेस करं. चांगला पोरे दखाई ऱ्हायनात."

दोन दिवस ते लग्नात होते. पाहुण्यांना पाणी दिलं, म्हाताऱ्यांना खुर्च्या दिल्या. त्या मुलांना ऊन कोणत्या बाजूने येईल ते सांगायला गेले, तर एक जण म्हणाला, "अंकल, जरा साइड में." युनूसभाई बाजूला झाले. मी चार पावलांवर होतो. मी ते ऐकलं आणि वाढप्याला विनाकारण रागावलो.

त्यानंतर त्यांचं येणं बंद झालं. भांडण नाही, अबोला नाही. रस्त्यात भेटले की, "काय सर, बरं शे ना?" मयुरीची चौकशी, उन्हाची, केळीच्या भावाची. फक्त तो प्रश्न नाही. मी ओट्यावर बसून चहा पिई आणि चहाला चव नसे. सात वर्षं ज्या प्रश्नाला मी मनातून हसत होतो, त्याची वाट बघत मी अंधार पडेपर्यंत बसू लागलो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मयुरी झोका खेळायला माहेरी येणार होती, पहिल्याच आखाजीला. त्याच्या दोन दिवस आधी मला ओळखपत्रासाठी फोटो हवा होता म्हणून स्टुडिओत गेलो. युनूसभाई नव्हते, भाभी बसल्या होत्या. मी सहज म्हटल्यासारखं करून विचारलं, "घेतला का मग नवा कॅमेरा?"

भाभी माझ्याकडे बघत राहिल्या. "सर, आपको सच में मालूम नहीं?"

"काय?"

"मयुरी की शादी के वास्ते दो हजार क्लिक बचा के रखे थे उन्होंने. डेढ़ साल से दूसरी शादियाँ छोड़ रहे थे. मैंने बोला, नया ले लो, उससे करो. बोले, नया हाथ में बैठने को टाइम लगता है. सर की बेटी की शादी में गलती हुई, तो दुबारा थोड़े ही होगी. ये शादी भरोसे के कॅमेरे पे करूँगा, फिर बदलूँगा."

"मग आता?"

"अब बोलती हूँ तो कहते हैं, किसके लिए लूँ."

मी फोटो न काढताच घरी आलो. रस्त्यात एक सोपी वाट सुचली. आखाजीला मयुरीचा झोक्यावरचा फोटो काढायला त्यांना बोलवावं. ते आले असते, हसत आले असते, फोटो काढला असता, सगळं गोड झालं असतं. आणि माफी मागायची राहून गेली असती. मी स्वतःला इतका ओळखतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी कसलंही काम न काढता गेलो. ते काउंटरवर कॅमेरा ठेवून ब्रशने धूळ झाडत होते.

"या सर, बठा. चहा सांगू?"

"युनूसभाई, लग्नाचं बोलायचं होतं."

"अल्बम दखा मी," ते लगेच म्हणाले. "वहिनीनी दखाडा. बेस काम शे पोरेस्नं. रंग चांगला शेत." मग ब्रशकडे बघत, "एक फोटो नही शे त्यामा."

"कोणता?"

"मयुरीनी गाडी निंघनी, तव्हय तुम्ही पानीनी टाकीजोडे उभा राहीसन रडी ऱ्हायन्तात. कोनले दखावाले नको म्हनीसन तोंड फिरायेल व्हतं. नि मयुरीनी काचमातून मांगे दखं. बाप नि पोर, दोन्ही एक फ्रेममा. ऊन बी बराबर. ते तिन्ही पोरे वर ड्रोन दखी ऱ्हायन्तात." त्यांनी ब्रश खाली ठेवला. "मन्हा हात चेनवर गयथा सर. मंग म्हंतं, नही. दुसराना कामवर आपन क्लिक करू नही."

मी बरंच काही ठरवून गेलो होतो. वाक्यं जुळवली होती. ती सगळी पुस्तकी मराठीत होती.

"जाऊ द्या सर," ते म्हणाले. "चहा सांगस."

"चहा नको," मी म्हणालो. "युनूसभाई, मन्हं चुकनं. सात वरीस तुम्ही इचारी ऱ्हायन्तात नि मी नको सांगी ऱ्हायंतू, ते कॅमेरा चांगला शे म्हनीसन नही. तुम्ही रोज येवाले पाहिजे, माले इचाराले पाहिजे, म्हनीसन. नि मन्ही पोरना लगनमा मालेच तुम्हना कॅमेरानी लाज वाटनी. पत्रिका बी तुम्ही नमाजले गयथात तव्हय दिधी, मुद्दाम. बदला बॉडी. हाई मी पयलेच सांगाले पाहिजे व्हतं. माले माफ करा."