जावक क्रमांक एक्केचाळीस

सबनीस तोंडाने कमी बोलायचे आणि चिठ्ठीने जास्त. त्यांची पहिली चिठ्ठी माझ्या दाराच्या फटीतून आत पडली तेव्हा मला वाटलं, पालिकेचं काहीतरी आलं. उघडून बघते तर मराठी. "जावक क्रमांक १. विषय: आपल्या कुकरच्या शिट्ट्या. दुपारी एक ते दोन आमच्याकडे मीटिंग असते. तरी शिट्ट्या तीनवर थांबवाव्यात, ही विनंती. नोंद असलेली बरी." खाली सही आणि सहीखाली दोन रेघा.

माणूस शेजारच्या दारात राहतो. मधे एक भिंत. दार वाजवून सांगितलं असतं तर चहा तरी मिळाला असता.

मी हॉलंडमधल्या टिलबर्गला आले होते लेकीच्या बाळंतपणासाठी, तीन महिन्यांच्या बोलीवर. नातू झाला, आणि रोगामुळे विमानं बंद झाली. शेजारच्या मेधाचे वडील, म्हणजे हे सबनीस, तसेच अडकले. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. सत्तरी ओलांडलेली, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. घरात मेधा जेवणाच्या टेबलावर कानाला मीटिंगचं यंत्र लावून बसलेली, जावई झोपायच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसलेला. सबनिसांनी तोंड उघडलं की मेधा मान न वळवता एक बोट वर करायची. चार दिवस त्यांनी ते बोट बघितलं आणि पाचव्या दिवशी कागद काढला.

फ्रिजवर चिठ्ठ्या लागू लागल्या. "दूध संपले आहे." "माझा चष्मा कोणी पाहिला आहे काय?" "आज चतुर्थी आहे, कळावे." मी एकदा साखर मागायला गेले तेव्हा फ्रिजचा रंग कोणता ते कळत नव्हतं. चिठ्ठीवर चिठ्ठी चढलेली. काढत कुणीच नव्हतं, कारण वाचतच कुणी नव्हतं. मलाही यायच्या. माझी शाळा चौथीपर्यंतची. सबनिसांचं अक्षर सरकारी, वाचायला डोळे दुखतात. मी त्या घडी करून लोणच्याच्या बरणीखाली ठेवायचे. बरणी डुगडुगायची थांबली, तेवढा त्यांचा उपयोग.

मग मे महिन्यात आमच्या इमारतीखालच्या मैदानावर बास्केटबॉलची मुलं आली.

ती इथल्या विद्यापीठाची. त्यांचं बंदिस्त मैदान सरकारने बंद ठेवलं होतं, म्हणून उघड्यावर आली. नियम असा की एकमेकांपासून दीड मीटर लांब राहून खेळायचं. आता ज्या खेळात दुसऱ्याच्या हातातून चेंडू हिसकावायचा असतो, तो दीड मीटरवरून कसा खेळणार? ही मुलं खेळायची. चेंडू घेऊन धावणाऱ्याकडे बाकीचे मान वाकवून बघत उभे राहायचे, जसं रस्त्यावरून मंत्र्याची गाडी जाताना लोक उभे राहतात. तरी चेंडू टोपलीत पडायचा नाही. आपसातच दोन गट करून खेळायचे आणि दोन्ही गट हरल्यासारखे दिसायचे.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दारांसमोरून लांबच लांब सज्जा. त्या सज्ज्यात चार वाजता तीन खुर्च्या लागू लागल्या. एक सबनिसांची, एक माझी, आणि एक पलीकडच्या त्रूसची. त्रूस इथलीच, माझ्याच वयाची, तिला इंग्रजी थोडं येतं आणि मला एक शब्द येत नाही. पण आमचं छान जमायचं. ती एखाद्या मुलाकडे बोट करून नाक मुरडायची, मी मान डोलवायचे.

भांडण पहिल्या आठवड्यातच सुरू झालं. मुलांना शिकवणारा ब्राम नावाचा उंच माणूस होता. शिट्टी गळ्यात, हातात कॉफी. सबनिसांचं म्हणणं, सगळा दोष ह्या प्रशिक्षकाचा.

"वहिनी, तुम्ही बघा. ज्याला टोपलीखाली उभं करायला पाहिजे त्याला लांब उभा केलाय. आणि लांबून टाकणारा बुटका टोपलीखाली. असं वाटप आमच्या खात्यात केलं असतं तर कालव्याला पाणीच आलं नसतं."

"तुम्ही खेळलाय का कधी?" मी विचारलं.

"खेळलो नाही. आमच्या खात्याच्या संघाचे गुण अठरा वर्षं मी लिहीत होतो."

"जिंकला का कधी?"

"तो प्रश्न वेगळा आहे."

माझं म्हणणं, ब्राम बिचारा बरा आहे, मुलंच आळशी. एक केसांची शेंडी बांधलेला मुलगा होता, त्याला चेंडू आला की तो आधी शेंडी घट्ट करायचा, मग टाकायचा. त्याला कुठला गुरू शिकवणार? त्रूसचं म्हणणं, टोपली फार उंच लावली आहे. तिने हात वर करून तसं दाखवलं, आणि त्यावर ती ठाम होती.

सबनिसांना खाली ओरडून सांगायचं होतं. पण मेधाची मीटिंग. जुलैत नियम सैल झाले, दुसऱ्या गावचे संघ येऊ लागले, तर सरकारने नवीनच काढलं: खेळ बघा पण ओरडू नका, ओरडण्याने रोग उडतो. सबनिसांना हा नियम फार आवडला. त्यांनी मेधाच्या सायकलची पुढची टोपली सोडवली, तिला कपडे वाळत घालायची दोरी बांधली, आणि सज्ज्यातून खाली सोडली. आमच्याकडे भाजीवाल्यासाठी सोडतात तशी. आत चिठ्ठी, वर दगड, शेजारी एक बेसनाचा लाडू.

ब्रामने वर बघितलं. टोपलीत बघितलं. लाडू खाल्ला, चिठ्ठी वाचली, कागद खिशात घातला आणि दुसऱ्या चिटोऱ्यावर काहीतरी लिहून टोपलीत टाकलं. सबनिसांनी टोपली अशी सांभाळून वर ओढली की जशी तीत काचेची भांडी आहेत. चिटोऱ्यावर होतं: वाचलं, धन्यवाद, ब्राम.

त्या दिवशी सबनीस जेवले की नाही माहीत नाही, पण रात्री मला दोन चिठ्ठ्या आल्या.

मग रोजचंच झालं. इंग्रजीतून चिठ्ठी खाली, तिला नव्याने एकपासून जावक क्रमांक, आणि तिची मराठी प्रत मला, "माहितीसाठी". "विषय: लांब उभा केलेला उंच इसम." "विषय: विश्रांतीत कॉफी पिण्याबाबत." "विषय: शेंडी." हा शेवटचा मुद्दा माझा होता, पण सही त्यांची. ब्राम प्रत्येक चिठ्ठीला उत्तर द्यायचा. कधी एक ओळ, कधी चार. एकदा त्याने मैदानाचं चित्र काढून बाण दाखवले आणि उंच मुलगा लांब का उभा आहे ते सांगितलं. सबनिसांनी ते चित्र दोन दिवस बघितलं आणि म्हणाले, "मूर्ख माणूस आहे. पण टिपण चांगलं लिहितो."

संघ हरतच राहिला. ब्रेडाशी हरला, आइंडहोवनशी हरला, कुठल्याशा खेड्यातल्या पोस्टमनांच्या संघाशी हरला, ज्यात दोघांची पोटं माझ्यापेक्षा मोठी होती. त्या दिवशी जावक क्रमांक एक्केचाळीस खाली गेला. तीन पानी. त्यात असं वाक्य होतं की, "सदर प्रशिक्षकाच्या हाती हा संघ राहिल्यास पुढील हंगामातही निकाल हाच राहील."

चार दिवसांनी फ्लोर नावाची मुलगी वर आली, त्या संघाची चिटणीस. दीड मीटर लांब उभी राहिली. हातात फाइल. फाइलमध्ये सबनिसांच्या सगळ्या चिठ्ठ्या, तारखेप्रमाणे लावलेल्या. लाडवाच्या तुपाचे डागसुद्धा जसेच्या तसे. तिचं इंग्रजी भरभर, म्हणून मेधाला दोन मीटिंगच्या मधे दारात उभी करून तिच्याकडून सबनिसांना सांगितलं गेलं: तुमच्या तक्रारी ब्रामने स्वतः आमच्याकडे दिल्या, कारण लेखी तक्रार लपवणं बरोबर नाही. आम्ही त्या गंभीरपणे घेतल्या आहेत. गुरुवारी सभा आहे. ब्रामला ठेवायचं की काढायचं ते ठरवू. तुम्हीही बोला.

सबनीस खुर्चीवर बसले. बसले म्हणजे खुर्ची होती म्हणून बरं.

"वहिनी," ते म्हणाले, "मी काढा असं कुठे म्हटलं?"

"एक्केचाळीस वेळा म्हटलं."

"ती तक्रार होती हो."

"मग?"

"तक्रार करायची असते. तिच्यावर कुणी काही करतं का?"

त्यांची सदतीस वर्षांची नोकरी त्या एका वाक्यात आली. त्यांच्या खात्यात एक्केचाळीस तक्रारी म्हणजे माणसाची बढती जवळ आली असं समजत. ह्या देशात लिहिलं की खरं धरतात. ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. आणि मी प्रती बरणीखाली ठेवत होते.

तीन दिवस टोपली खाली गेली नाही. मैदानावर ब्राम एकदा वर बघून हात हलवून गेला. सबनीस आत पळाले.

गुरुवारी त्यांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. अंगात कोट. टेबलावर बारा मुद्द्यांचं निवेदन, विषय: तक्रारी मागे घेण्याबाबत. मेधाने संगणक लावून दिला आणि ती यंत्र कानाला लावून आतल्या खोलीत गेली. पडद्यावर मुलांचे चेहरे चौकटीचौकटीत, एका चौकटीत ब्राम. तो दाढी करून आला होता. मला त्याची दया आली. मला सहसा येत नाही.

सबनिसांनी निवेदन वाचलं. मुलं शांत ऐकत होती. मग अध्यक्ष मुलाने काहीतरी विचारलं. सबनीस ठामपणे काहीतरी म्हणाले. मुलाने पुन्हा विचारलं. सबनीस पुन्हा ठाम. मुलं गोंधळली. मेधाने मला नंतर सांगितलं ते असं: मुलाने विचारलं, तुमच्या तक्रारी खोट्या आहेत का? हे म्हणाले, एकूण एक खरी आहे. मग ब्रामने जावं का? मुळीच नाही. मग तुम्हाला नक्की काय हवं आहे?

इथे सबनिसांनी निवेदन पालथं घातलं. चष्मा काढला. हळू बोलले, तुटक. मला शब्द कळले नाहीत, पण त्यांचं बोट फ्रिजकडे गेलं तेवढं दिसलं. मी मागे बघितलं तर मेधा दारात उभी होती, केव्हाची कोण जाणे. यंत्र गळ्यात उतरलेलं. तिची मीटिंग आत तशीच कुणाशी तरी बोलत होती.

तिच्या सांगण्याप्रमाणे ते म्हणाले होते: "मी ह्या घरातही लिहितो. शेजारीही लिहितो. हा एकटा वाचतो. आणि परत लिहितो. ह्याला काढलं तर मी कुणाला लिहू?"

ब्रामने मान खाली घातली. मुलांनी हात वर केले. ब्राम राहिला. शेंडीवाल्याने दोन्ही हात वर केले, तो मोजताना एकच धरला.

घरी येऊन मी लोणच्याची बरणी उचलली. खालचा गठ्ठा काढला, तेल पुसलं आणि चष्मा लावून बसले. ब्रामच्या प्रती बाजूला काढल्या, तरी तीस-पस्तीस उरल्या. शिट्ट्यांची सोडली तर एकही माझ्याबद्दल तक्रार नव्हती. "आज कोथिंबीर बरी मिळाली, कळावे." "आपल्या नातवाचे रडणे ऐकू आले. आवाज खणखणीत आहे." एका चिठ्ठीत विषयच नव्हता. नुसतं "वहिनी, चार वाजता ऊन चांगले असते." बरणी पुन्हा डुगडुगायला लागली. तिच्याखाली मी दुधाचं खोकं दुमडून घातलं.

मग नातवाच्या बापाचं पेन घेतलं. पत्र लिहून मला वीस वर्षं झाली असतील. लिहिलं: "तुमचं चूक आहे. ब्राम बरा आहे. मुलं आळशी आहेत, शेंडीवाला धरून. उत्तर द्या." त्यांच्या दाराच्या फटीतून आत टाकली आणि कुणी बघायच्या आत परत आले.

भाताचं पाणी ठेवते आहे तोवर माझ्या दाराची फट वाजली. उत्तर तीन पानी होतं, पाठपोट, चार मुद्दे आणि पोटमुद्दे. मी गॅस बंद केला आणि वाचायला बसले. मला एक ओळ लावायला वेळ लागतो. त्या दिवशी जेवायला उशीर झाला.