सभा बरोबर पाच वाजता

घड्याळ दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या संघाची वार्षिक सभा दरवर्षी पाच वाजता असते आणि सभासद दरवर्षी साडेपाचला येतात. साडेपाच म्हणजे साडेपाच. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. माणसं घड्याळाची आहेत, उशीरसुद्धा मोजूनमापून करतात.

याला कारण संघाची घटना. पाच वाजता पन्नास सभासद हजर नसतील, तर गणसंख्येअभावी सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते. त्या दुसऱ्या सभेला गणसंख्येची अट नसते. हे कळल्यावर पाचला येऊन खुर्ची उबवायला कोण वेडा आहे? फक्त एक मेख होती. घटनेत बदल करायचा तर तो पहिल्याच सभेत, पन्नास जणांसमोर करावा लागे. त्यामुळे बावीस वर्षांत घटनेतला स्वल्पविरामही हलला नव्हता.

आणि प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या ताईंना नेमकी घटनाच हलवायची होती. संघाचं वार्तापत्र, निमंत्रणं, सभासदांचे वाढदिवस, सगळं गेली सहा वर्षं ताई करत. "आपला संघ, आपली ताकद" हे वाक्य त्यांचंच. पण त्या स्वतः सभासद नव्हत्या. घड्याळं त्या उत्तम दुरुस्त करत, पण स्वयंपाकघरातल्या टेबलावर. आणि घटना म्हणे, सभासदाला दुकान हवं. दर महिन्याला 'आपला संघ' लिहिताना त्यांचा हात क्षणभर अडखळे. त्यांना ते लागत होतं, मनापासून लागत होतं. यंदा मात्र त्यांनी पदर खोचला होता. घरून काम करणाऱ्यांना सभासदत्व देणारा ठराव त्यांनी अध्यक्षांकडून विषयपत्रिकेवर घालून घेतला होता.

"पन्नास जण पाचला आणून दाखवते," त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

"आण," नवरा म्हणाला. "फक्त ठराव झाला की आपण एक टेबल घेऊ. काल माझ्या दाताखाली स्क्रू आला."

ताईंनी आधी वार्तापत्राचा खास अंक काढला. मग तीन रंगांत निमंत्रण छापलं. मग सगळ्यांना मोबाइलवर संदेश पाठवला : 'सभा बरोबर पाच वाजता. आपली उपस्थिती मोलाची.' एकशे अठरांपैकी नव्वद जणांनी अंगठा दाखवला. हुरूप येऊन ताईंनी फोन लावायला घेतले.

"येणार ना काका?"

"म्हणजे काय! साडेपाचला हजर."

"पाचला, काका."

"पाचला कशाला? पाचला कुणीच नसतं."

"सगळे पाचला आले तर सगळेच असतील की!"

"बरोबर आहे तुमचं. ते सगळे आले की मला फोन करा, मी लगेच निघतो."

एकूण चौसष्ट फोन झाले आणि चौसष्ट जणांनी हेच ऐकवलं. ताईंचा घसा बसला, पण जिद्द बसेना. त्या थेट अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्षांचं दुकान संघाच्या सभागृहाला लागूनच होतं. डोळ्याला भिंग लावून ते कुणाच्या तरी मनगटी घड्याळात डोकावत होते.

"काका, यंदा सभा साडेपाचला सुरू केली तर?"

अध्यक्षांनी भिंग काढलं. "निमंत्रणात पाच लिहून साडेपाचला? घड्याळवाल्यांच्या संघात? लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

"मग निमंत्रणातच साडेपाच छापते."

"मग ते सहाला येतील. नाही ताई, पाच म्हणजे पाच. आणि घटनेत लिहिलंय, सभागृहाच्या भिंतीवरचं घड्याळ हीच सभेची वेळ. ते दाखवेल तेव्हा मी हातोडा आपटणार."

ताई पायरीवर थबकल्या. मग थेट सभागृहात गेल्या. वार्तापत्राचे गठ्ठे ठेवायला त्यांच्याकडे किल्ली असायचीच. स्टुलावर चढून त्यांनी भिंतीवरचं जुनं घड्याळ उघडलं आणि लंबकाखालचा नट बोटांनी अगदी थोडा ढिला केला. घड्याळ हळू चालू लागलं. रोज तीन मिनिटं मागे पडणार, म्हणजे सभेला दहा दिवस होते, तेव्हा बरोबर अर्धा तास. लोक आपल्या वेळेने साडेपाचला येतील आणि भिंतीवर वाजलेले असतील पाच!

दहा दिवस ताईंना झोप लागली नाही. सभागृह रोज सकाळी अध्यक्षच उघडत. चाळीस वर्षं घड्याळात डोकं घातलेला माणूस. त्यांच्या लक्षात आलं तर ठराव गेला आणि सहा वर्षांची अब्रूही गेली. रोज ताई काहीतरी निमित्त काढून डोकावत. घड्याळ मात्र इमानदारीत तीन-तीन मिनिटं मागे पडत होतं.

सभेच्या दिवशी ताईंच्या घड्याळात पाच वाजले. सभागृहात चिटपाखरू नव्हतं. विशेष म्हणजे अध्यक्षही नव्हते. बरोबर साडेपाचला दार उघडलं आणि सभासद आत येऊ लागले. अध्यक्ष त्यांच्यातच होते. ताईंनी डोकी मोजली : त्रेसष्ट!

पण घड्याळवाल्यांना चुकीचं घड्याळ म्हणजे जेवणात खडा. सगळ्यांच्या माना एकदमच भिंतीकडे वळल्या.

"अहो, हे पाच दाखवतंय!"

"आपल्या सभागृहात? शोभतं का हे?"

गलका वाढला. त्यात मनोऱ्यांवरची मोठाली घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ उभे राहिले. त्यांना सगळे टॉवरवाले म्हणत. ठरावाला त्यांचा कडवा विरोध होता. "साडेपाच वाजलेत. म्हणजे पहिली सभा तहकूब झाली, ही दुसरी. घटनाबदल करता येणार नाही. बसा!"

"भिंतीवर पाच वाजलेत," अध्यक्ष शांतपणे म्हणाले.

"मग काटे पुढे करतो!" टॉवरवाले स्टुलावर चढलेसुद्धा.

"खुशाल करा. पण बिघाड न शोधता काटे ढकलायचे? तुम्ही?"

हा घाव वर्मी बसला. टॉवरवाल्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, लंबक उतरवून शेजाऱ्याच्या हातात दिला आणि दोन्ही हात घड्याळात घातले. घड्याळ पाच वाजून एक मिनिटावर थांबलं. अध्यक्षांनी हातोडा आपटला.

"त्रेसष्ट हजर. सभा सुरू. पहिला विषय घटनाबदलाचा. अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत."

एकेक हात वर गेला. ताई मोजत होत्या.

"विरोध?"

टॉवरवाल्यांच्या तोंडात दोन स्क्रू होते. ते जोरजोरात "ऊं! ऊं!" करत राहिले, पण हातातलं चाक सुटू नये म्हणून हात काही खाली घेईनात.

"त्यांचे तर दोन्ही हात वर आहेत," अध्यक्ष म्हणाले. "एकच धरतो. ठराव बिनविरोध मंजूर. ताई, अर्ज भरा."

ताईंनी अर्ज पुढे ओढला. 'सभासदाचे नाव' या रकान्यात त्यांनी नाव लिहिलं आणि अक्षरं धूसर दिसायला लागली, म्हणून त्यांनी चष्मा पुसला. डोळे चष्म्याआड नंतर पुसले.

तेवढ्यात अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ काढून हळूच त्यांच्यासमोर सरकवलं. त्यातही पाचच वाजून गेले होते.

"दहा दिवस रोज सकाळी तीन मिनिटं मागे करतोय," ते पुटपुटले. "नाहीतर माझ्या पाचला मला यावं लागलं असतं. आता तुम्हीच पुढे लावून द्या."

इकडे टॉवरवाल्यांनी तोंडातले स्क्रू हातात घेतले, शेजाऱ्याकडचा लंबक उजेडात धरला आणि डोळे विस्फारले.

"बिघाडबिघाड काही नाही हो! नटाची जुनी खूण दिसतेय, कुणीतरी मुद्दाम तो फिरवलाय. आणि काय हात आहे! रोजची तीन मिनिटं, ना कमी ना जास्त. मला नाही जमायचं!" ते स्टुलावरूनच ओरडले. "जो कुणी असेल ना, त्याला आधी संघात घ्या!"

"आत्ताच घेतलं," अध्यक्ष म्हणाले. "तुमचाही हात वर होता."