मन्मथअप्पांचा सीलबंद डबा

आमच्या शेजारचे मन्मथअप्पा शेंगदाण्याचं नाव तोंडातून काढत नाहीत. जुन्या काळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत ना, अगदी तसं. फारच वेळ आली तर 'तो माल' म्हणतात आणि म्हणण्याआधी दाराकडे एकदा बघून घेतात. किराणा दुकानात गेले की आधी वास घेतात, मग दुकानदाराची उलटतपासणी सुरू होते. "तो माल कंच्या पोत्यात हाय? त्या पोत्यातलं माप साखरंच्या पोत्यात गेलतं का?" दुकानदार बिचारा गळ्याची शपथ घेतो, तरी अप्पा साखर दुसरीकडून आणतात. टँकरच्या रांगेत बायका त्यांना छळतात, "अप्पा, घ्या की एकदा नाव!" अप्पा काही लाजत नाहीत. हंडा पुढे सरकवत गंभीरपणे सांगतात, "घेतलं असतं, पर घरात लेकरू हाय."

यातली गंमत बाहेरगावच्या माणसाला कळायची नाही, कारण अप्पांचं सगळं आयुष्य त्याच मालात गेलं. वडवणीच्या रस्त्याला आमच्या गावची सहकारी तेल संस्था होती. परिसरातल्या शेंगा तिथं यायच्या, फोडल्या जायच्या, तेल डब्यात भरलं जायचं. अप्पा तिथले गोदाम सांभाळणारे. सदऱ्याच्या उजव्या खिशात कायम भाजलेले दाणे. भेटेल त्याच्या तळहातावर आधी मूठभर दाणे ठेवायचे, मग विषय काढायचा, ही त्यांची रीत. मी लग्न होऊन या गावात आले, शाळेत शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा 'या बाई' म्हणायच्या आधी त्यांनी माझी ओंजळ भरली होती. लगोलग दुष्काळाची दोन-तीन वर्षं आली, शेंगा पिकेनात, आणि संस्थेला कुलूप लागलं.

त्याच काळात अप्पांनी आपल्या नातीच्या, गिरिजाच्या, हातावर एक दाणा ठेवला. एकच. पोर तीन वर्षांची. दाणा खाल्ला आणि बघता बघता ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, श्वास लागला. सून शैला आरोग्य केंद्रात नर्स आहे म्हणून निभावलं. तिनं पोरीला जवळच्या दवाखान्यात नेऊन सुई टोचवली, पुढं बीडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, या मुलीला शेंगदाणा जन्मात द्यायचा नाही, कुटाचा कणसुद्धा नाही. अप्पा घरी आले, सदरा काढला आणि उजवा खिसा कात्रीनं कापून टाकला. आजही त्यांच्या सगळ्या सदऱ्यांना एकच खिसा असतो, डावीकडे.

आता मराठवाड्यातल्या स्वयंपाकघरातून शेंगदाणा हाकलायचा म्हणजे काय, हे ज्यानं भाजीत कूट घातलंय त्यालाच कळेल. वांग्यात तो, भेंडीत तो, खिचडीत तो, चटणी तर त्याचीच. शैला पहाटेच्या एसटीनं धारूरकडे ड्यूटीला जायची. अप्पांचा मुलगा पाण्याचा टँकर चालवायचा, तो कुठल्या गावात असेल त्याचा नेम नसायचा. अप्पांची बायको आदल्याच वर्षी गेलेली. तेव्हा गिरिजा माझ्या पहिलीच्या वर्गात यायला लागली आणि डबा अप्पांच्या गळ्यात पडला. उभ्या जन्मात चहासुद्धा न केलेला माणूस. पण घाबरला नाही. संस्थेचा माणूस तो, त्यानं स्वयंपाकही संस्थेसारखाच सुरू केला.

सकाळी आमच्या मधल्या भिंतीवरून आवाज यायचा, "आज दोडक्याची भाजी करावी असा ठराव मांडतो. अनुमोदन?" गिरिजा पांघरुणातून हात वर करायची. कधी म्हणायची, "विरोध!" मग उपसूचना यायची, चर्चा व्हायची, आणि शेवटी दोडकाच व्हायचा, कारण त्या वर्षी पुन्हा पाऊस नव्हता आणि बाजारात बहुतेक दिवस दोडकाच मिळायचा.

चव बघणारी समिती म्हणजे मी. अप्पा वाटी भिंतीवरून पुढं करायचे आणि तोंडाकडे टक लावून उभे राहायचे. एकदा भल्या सकाळी साबुदाण्याची खिचडी आली. "बाई, आज तुमच्यासाठी मुद्दाम. तुमचा उपास हाय न्हवं?" त्या दिवशी एकादशी होती. मी कौतुकानं मोठा घास घेतला. घास टाळ्याला चिकटला तो सुटेना. कुटाऐवजी अप्पांनी फुटाण्याचं पीठ घातलं होतं, तेही सढळ हातानं. मी पाणी पिऊन कशीबशी बोलती झाले. "अप्पा, उपासाला फुटाणे चालत नाहीत हो!" अप्पांचा चेहरा पडला. "असं कावून? आमचा सोमवार असतोय बाई. एकादशीचं आमाला काय ठावं?" मग थोडं थांबून म्हणाले, "मोडलाच हाय तर सगळी संपवता का?" मी संपवली. दिवसभर पोटात सिमेंट घेऊन शिकवत होते.

डबा तयार झाला की खरं काम सुरू व्हायचं. संस्था बंद पडताना तेलाच्या डब्यांना सील मारायची पक्कड अप्पांनी मागून आणली होती. ती त्यांनी गिरिजाच्या डब्यावर चालवली. कड्यातून तार ओवायची, दोन्ही टोकं पत्र्याच्या चकतीत धरायची आणि पक्कड दाबायची. वाटेत कुणी डबा उघडून 'तो माल' मिसळू नये म्हणून. पहिलीतल्या पोरीच्या डब्यात कोण कशाला काय मिसळेल, असं मी विचारलं. अप्पा म्हणाले, "कोण न्हाई मिसळणार. पर सील शाबूत असल्याबिगर माल उतरून घ्यायचा न्हाई, हे ध्यानात ठिवा." तर रोज दुपारी मी कात्रीनं तार तोडायची आणि गिरिजानं जेवायचं.

एक दिवस कात्री हरवली. पोर भुकेनं रडवेली झाली. मुख्याध्यापक धावून आले. त्यांनी कंपासपेटीतलं कर्कटक तारेत घातलं, डबा गुडघ्यात धरला आणि जोर लावला. तार तुटली, झाकण उडालं आणि भेंडी थेट भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशावर जाऊन बसली. नेमकी कोकणात. त्या वर्षी राज्यात जेवढं म्हणून हिरवं होतं, ते तिकडेच होतं. वर्ग हसून लोळला, मुख्याध्यापकांची विजार तेलानं भिजली, आणि त्यांनी त्याच दिवशी सीलवर बंदी घातली. गिरिजाला मी माझ्या डब्यातली भाकरी देऊ शकत नव्हते, कारण सोबत चटणी होती. त्या दिवशी ती दोन केळी खाऊन राहिली.

"सील न्हाई तर मी स्वता येतो," अप्पा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून ऐन सुट्टीच्या घंटेला सायकलवर हजर. मुख्याध्यापकांनी आणखी एक काळजी घेतली होती. बाकीच्या पोरांच्या डब्यात दाण्याची चटणी असते, तेव्हा गिरिजानं कार्यालयासमोरच्या व्हरांड्यात वेगळं बसावं. अप्पांनी ते ऐकलं आणि पुढच्या दिवसापासून हँडलला एकाऐवजी दोन डबे लटकू लागले. आजोबा आणि नात व्हरांड्यात समोरासमोर मांडी घालून जेवायचे. अप्पांचं तोंड घासापेक्षा गोष्टीत जास्त अडकलेलं असायचं. संस्थेतल्या उंदराची गोष्ट, टोपी पळवणाऱ्या माकडाची गोष्ट. मी वर्गातून ऐकायची. त्या दुपारच्या अर्ध्या तासात गिरिजा घास गिळायची आणि अप्पा दहा वर्षांनी लहान व्हायचे.

पण पोरगी बसायची अप्पांकडे तोंड करून आणि बघायची वर्गाकडे. तिथं पोरांची रांग लागलेली असायची, एकमेकांच्या डब्यात हात, गोंधळ, खिदळणं. एक दिवस ती घास हातात धरून म्हणाली, "अप्पा, तिकडं काय हसायलेत?" अप्पांची गोष्ट तिथंच थांबली. जाताना माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, लेकराला रांगंत बसवायचं. पालकसभा लावा."

मी पालकसभा लावली आणि अप्पांनी तिची सर्वसाधारण सभा केली. स्वच्छ टोपी घालून आले, उभं राहून घसा साफ केला. "विषय क्रमांक एक. पैलीच्या वर्गात कुणी त्या मालाचा डबा आणू नये असा ठराव मांडतो. अनुमोदन?" एकही हात वर आला नाही. मग मागून सुमनबाई उठल्या. त्यांचा नवरा जनावरं घेऊन चारा छावणीत, घरी त्या आणि तीन पोरं. "अप्पा, राग मानू नका. रानात हिरवी काडी न्हाई. भाजी बाजारात हाय, पर आमच्या घरात न्हाई. भाकरीवर दाण्याची चटणी न टाकावी तर काय टाकू, टँकरचं पाणी?" हसू पसरलं आणि लगेच विरलं, कारण बाई खरं बोलत होत्या. अप्पा हळूच खाली बसले. त्यांच्या ठरावाला अनुमोदन मिळालं नाही असं मी पहिल्यांदा बघितलं, आणि मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवायच्या आत उखळाचा आवाज सुरू झाला. धाड, धाड. मी भिंतीवरून डोकावले. अप्पा घामाघूम, मिशीसुद्धा काळ्या भुकटीनं माखलेली. "कारळं," म्हणाले. "ह्याची चटणी आमची आई करायची. डॉक्टरला फोन करून इचारलंय, लेकराला आधी थोडी थोडी देऊन बगितली, चालतीय. जवसाची बी चालतीय." मग आठवडाभर कांडण चाललं. समिती म्हणून मी जवस खाल्ले, कारळं खाल्लं, कढीपत्ता खाल्ला, एकदा तर चुकून नुसतं मीठच खाल्लं. शेवटी अप्पांनी चटणीच्या पुड्या बांधल्या, पहिलीतल्या पोरांच्या घरोघर गेले आणि प्रत्येक दारात म्हणाले, "नमुना हाय. पसंत पडला तर दर आठवड्याला पोच करतो. तुमी फक्त तो माल डब्यातनं काढा."

सुमनबाईंनी बोटावर घेऊन चाखली. "तिखट न्हाईच की! ही काय चटणी म्हणायची?"

"मग तुमीच घाला," अप्पा म्हणाले.

"घालते की. तुमाला काय कळतंय!" दुसऱ्या दिवशी त्या स्वतःचं उखळ घेऊन अप्पांच्या अंगणात आल्या. मागून आणखी दोघी आल्या. अंगणात इतकी कुटाई, इतकी बडबड आणि इतकी शिंकाशिंकी चालली, की चुकून कुणी म्हणावं इथं लग्न आहे. अप्पा मधोमध उभे राहून "सभासदांनी शिंकताना तोंड बाजूला करावं" असं ओरडत होते आणि स्वतःच सगळ्यात मोठ्यानं शिंकत होते.

दुसऱ्या सभेत ठराव पुन्हा आला. "अनुमोदन?" अप्पांनी विचारलं, पण आवाज जरा बारीक. सुमनबाईंनी पदर सावरत हात वर केला. "घ्या एकदाचं अनुमोदन! आन बसा खाली." पाठोपाठ सगळे हात वर झाले. अप्पांनी टोपी काढून हातात घेतली. मग "सभा संपली" असं म्हणून सगळ्यांच्या आधी तेच बाहेर गेले.

पुढच्या सोमवारी गिरिजा रांगेत बसणार होती. मी सगळ्यांचे डबे उघडून बघितले, पोरांचे हात धुवून घेतले. पाणी अप्पांनीच आपल्या वाट्याच्या घागरीतून आणलं होतं. घंटा झाली, अप्पा नेहमीसारखे सायकलवर आले. गिरिजानं आपला डबा हातात घेतला आणि पळालीच. दोन पावलांवर वळून म्हणाली, "अप्पा, तुमी जावा आता घरी. रांगंत आजोबा नसतेत."

"बरुबर हाय," अप्पा म्हणाले. ती कुणाकुणाच्या मधे घुसून बसली, शेजारणीनं तिच्या डब्यात हात घातला, तिनं शेजारणीच्या. दाराशी उभे राहून अप्पांनी पोटभर बघून घेतलं आणि सायकल वळवली. दुसरा डबा हँडलला तसाच लटकत होता. त्या गोंधळात माझ्या ते लक्षात आलं नाही.

संध्याकाळी शाळेतून आले तर अप्पा ओट्यावर बसलेले. गिरिजा दप्तर टाकून खेळायला पळालेली. डबा मांडीवर, झाकण बंद. दुपारपासून.

"अप्पा, जेवला नाहीत?"

"जेवायला बसलो होतो बाई." ते जरा ओशाळले. "घरी आलो. पाट घेतला. मग म्हणलं, सैपाकघरात बसावं का माजघरात? हितं बसून बगितलं, तितं बसून बगितलं. गिरिजाची आजी गेल्यापून घरात दुपारचं एकल्यानं जेवलोच न्हाई बगा. आधी लेकरू संगं असायचं, सील होतं तवा सकाळीच उरकायचो, मग शाळा झाली. घरात दुपारी कुटं बसायचं असतंय, त्येच ध्यानात येईना."

या माणसानं दिवसातला एकुलता एक सोबतीचा घास आपल्याच हातानं ठराव मांडून दुसऱ्याच्या रांगेत पोचवला होता, आणि त्यासाठी आठवडाभर कांडणही केलं होतं. माझं जेवण केव्हाच झालं होतं. तरी मी पर्स ओट्यावर ठेवली आणि म्हटलं, "सरका जरा. मलाही भूक लागलीय."

अप्पांनी डबा उघडला, भाकरी मोडली, मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला. आम्ही जेवायला लागलो. अर्ध्यात त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, उद्या शाळा कितीला सुटती?" वर्षभर आमच्या घंटेवर घड्याळ लावणारा माणूस मला शाळा सुटायची वेळ विचारत होता. मी ती नीट सांगितली.