गिरणीचा बोल्ट आणि बादूमामा

"जोर लाव की रे! सकाळी काही खाल्लंयस की नाही?" बादूमामांनी खुर्चीतूनच आवाज दिला.

ओपोकू घामाघूम झाला होता. कुमासी शहरातल्या गॅरेजवस्तीत ट्रकांची इंजिनं उघडणारा हा गडी होणाऱ्या सासूबाईंच्या, सेरवामावशींच्या, मक्याच्या गिरणीपुढे मात्र हात टेकायला आला होता. दळायची तबकडी बदलायची, एवढंच काम. पण तिला धरून ठेवणारा बोल्ट सुटेल तर शपथ! रॉकेल पाजून झालं, हातोडीनं गोंजारून झालं.

उद्या त्याच्या घरची मंडळी रिवाजाप्रमाणे दारूच्या बाटल्या घेऊन मावशींच्या धाकट्या लेकीला, अफ्रियीला मागणी घालायला, म्हणजे तिच्या घराचं दार ठोठावायला येणार होती. ते उघडायचा मान मुलीच्या मामाचा. थोरलीच्या वेळी बादूमामांनी पाहुण्यांना उन्हात एवढं ताटकळत ठेवलं होतं, की नवरदेवाच्या आत्याला भोवळ आली. मामांना दुखवणं ओपोकूला परवडणारं नव्हतं.

"सरक बाजूला! असं पकडतात होय पाना?" मामा उठले. त्यांनी पान्याला लांब पाइप अडकवला आणि सगळा देह त्यावर टाकला. कडाक! बोल्टचं डोकं तुटून मक्याच्या टोपात पडलं. पापणी लवायच्या आत मामा परत खुर्चीत.

मावशी धावत आल्या. "अगं बाई, मोडलं? उद्याच्या बांकूच्या उकडीचं पीठ काय डोक्यावर दळू? पाहुण्यांना उपाशी बसवायची नाही मी. उद्याचं रद्द! कुणी मोडलं हे?"

मामा झाडावरचे पक्षी बघू लागले.

"आधी काढतो मावशी, मग बोलू," ओपोकू कसाबसा म्हणाला.

अडकलेला तुकडा पोखरून काढावा म्हणून त्यानं ड्रिल लावलं. टोक आत रुतलं मात्र, तुकडा आपणहून गरगर फिरत बाहेर आला! ओपोकूनं तो निरखला आणि कपाळावर हात मारून घेतला. आटे उलटे होते. सकाळपासून दोघं मिळून बोल्ट सोडवत नव्हते, आवळत होते.

मामा हळूच जवळ आले. "उलटे आटे?"

"हो मामा."

"हिला सांगू नकोस हं."

नवा बोल्ट बसला, गिरणी धडधडू लागली. मावशींनी पुन्हा विचारलं, "पण मोडला कुणी?"

ओपोकूनं मामांकडे पाहिलं. "जुना झाला होता मावशी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ओपोकूच्या काकांनी दारावर टकटक करायला हात उचलला. हात दाराला लागायच्या आतच दार सताड उघडलं.

"या, या! ऊन किती झालंय बाहेर!" बादूमामा म्हणाले.